शेंदऱ्याचा सोमवार

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, पण मी कधी काही लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते. पण काल सोमवारी मी तुमच्या मांजराच्या मागोमाग गेले आणि परत आल्यापासून माझं डोकं भणभणतंय. आता हे सांगू कुणाला? आईला सांगता येत नाही. म्हणजे राहिलात तुम्हीच, आणि तुम्ही तर बरे निसटलात!

शेंदऱ्याला घरी आणलंत तुम्हीच. पाळी गावच्या खाणीवरची नोकरी संपली त्या दिवशी, शर्टाच्या आत लपवून. मारुतीच्या शेंदराचा रंग, म्हणून नाव शेंदऱ्या. आई दारातच आडवी आली, "मांजर माझ्या घरात नको म्हणजे नको." तुम्ही म्हणालात, "अगो, तांबडं मांजर माणसात माणूस होऊन राहतं. बघच तू."

आणि खरंच की हो! आठ दिवसांत स्वारी आईच्या मांडीवर. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की पहिला धावणारा तो, पाहुण्यांच्या चपलांवर झोपणारा तो, पोरांनी शेपटी ओढली तरी नुसती कूस बदलणारा तो. सर्वण गावात आपलं घर विचारलं तर लोक म्हणायचे, "तें तांबड्या माजराचें?" जन्म तिथे गेला तुमचा, पण घर ओळखलं जायचं त्याच्या नावाने.

मग तुम्हाला हार्ट अटॅक आला. आईने देवीपुढे पदर पसरला, "हे बरे होऊ देत, आम्ही दोघं जन्मात नुस्तं-मासळी खाणार नाही." नुस्त्याशिवाय जिला घास उतरत नव्हता, ती आई! त्या दिवसापासून तिने मासळीला हात लावला नाही. तुम्ही बरे झालात, आणि तिच्यापेक्षा कडक झालात. सुकटाचा डबासुद्धा घरातून हद्दपार. शेंदऱ्या दूधभातावर आला. मी एकदा पणजीला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बांगड्याचं हुमण खाल्लं आणि भोळेपणाने घरी येऊन सांगितलं, तर चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. शेवटी देव्हाऱ्यापुढे नाक घासलं, तेव्हा कुठे "जेवलीस?" एवढं विचारलंत.

दर सोमवारी दुपारी महादेवाच्या देवळातली घंटा झाली की तुम्ही निघायचात. मागोमाग शेपटी उभी करून शेंदऱ्या. परत यायचात ते कपाळाला भस्म, हातात प्रसादाची फुलं आणि तोंडात लवंग. घशाला बरी म्हणून! आई वाडाभर सांगत फिरायची, "आमचं मांजरसुद्धा सोमवार धरतं हो. संध्याकाळी दुधाला तोंड लावत नाही."

काल मला सुट्टी होती. घंटा झाली, शेंदऱ्या उठला, आणि मला भरून आलं. म्हटलं, बाबा गेले तरी ह्याने देवदर्शन सोडलं नाही. आज आपणही जाऊ.

देवळापाशी तो थांबलासुद्धा नाही. मागच्या गडग्यावरून उडी मारून थेट गुणाजीकाकांच्या पडवीत! तेच, तुमच्याबरोबर खाणीवर ट्रक चालवणारे, सावंतवाडीकडचे, एकटे राहणारे. पडवीत दोन पाट मांडलेले, आणि खाली केळीच्या पानावर तळलेल्या बांगड्याचं डोकं.

"ये गो बाय," काका म्हणाले. "आधी दोघा येयत. आता ह्यो एकलोच येता. माका सवय झाली ना, पाट मी अजून दोनच मांडतंय."

"काका, सोमवारी मासे?"

"पोटाक खयचो वार? तुझ्या बापाशीक एक आख्खो बांगडो, डोक्या ह्येका. घरात सांगा नको म्हणान शपथ घातल्यान हां माका."

बाबा! ती लवंग! मांजराचं ते न पिलेलं दूध! आणि तो अबोला? शुक्रवारी धरलात आणि सोमवारी संध्याकाळी सोडलात. म्हणजे त्या सोमवारीही तुम्ही तिथे पाटावर बसून बांगडा खाल्लात, आणि घरी येऊन मला नाक घासायला लावलंत. लाज नाही वाटली?

आणि मला का नाही नेलंत? मी कुणाला सांगितलं असतं? काकांनी तिसरा पाट मांडला असता. मांजराला नेलंत, पोटच्या मुलीला नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

तरी मी गिळलं असतं. पण आईचं काय?

तुमच्या बाराव्याला पान वाढून फणसाखाली ठेवलं. वार सोमवारच. कावळे फांदीवर रांगेने बसलेले, खाली एक येईना. चुलतभाऊ म्हणाला, "काका, काकीला आम्ही सांभाळू." नाही. मी म्हटलं, "बाबा, घर विकणार नाही." नाही. शेवटी आई हात जोडून पुढे झाली, "तुमचं व्रत मी मरेपर्यंत मोडणार नाही." तेवढ्यात देवळातली घंटा झाली आणि कावळा झपकन उतरला. सगळ्यांनी हात जोडले. मी हुंदके देऊन रडले.

पानाशेजारी सकाळपासून शेंदऱ्या बसला होता. तुमचा लाडका, म्हणून कुणी हाकललं नाही. घंटा झाली तसा तो उठून गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अर्थ लागला तो काल. कावळा तुमचा निरोप घेऊन आला नव्हता, बाबा. मांजर बांगडा खायला गेलं, म्हणून तो आला!

गेल्याच आठवड्यात मी आईला म्हटलं, "आता तरी खा गो." तर म्हणाली, "ते शेवटपर्यंत पाळून गेले. कावळ्याने माझा शब्द घेतला. मी कशी मोडू?" शेजारी बांगडा तळला की ती खिडकी लावून घेते.

तिला खरं सांगू? मग ती मासे खाईल, पण तुमच्या फोटोकडे बघणार नाही. न सांगू, तर तुमच्या खोट्यापायी ती जन्मभर खिडकी लावत बसणार. कुठल्या कात्रीत पकडलंत मला!

तर ऐका. पुढच्या सोमवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे. पान ठेवलं की मी त्याच्या शेजारी शेंदऱ्याला मांडीवर घेऊन बसणार. कावळे येणार नाहीत. ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. घंटेच्या जरा आधी मी मोठ्याने म्हणेन, "बाबा, आईला व्रतातून मोकळी करा." आणि घंटा झाली की हात सोडीन. पुढचं शेंदऱ्या बघून घेईल.

खोटेपणा आहे, ठाऊक आहे मला. बाप कोणाचा आहे!

आईला यातलं अक्षर कळणार नाही, हा माझा शब्द. मंगळवारी बांगडे आणीन. मधला तुकडा आईच्या ताटात, डोकं शेंदऱ्याला. आणि तुमच्या फोटोपुढे दूधभात.

तुमचीच,
जिला तुम्ही कधी बरोबर नेलं नाहीत ती,
सुषमा