हरलेला सरडा काळा पडतो

१७ जून, तलवाडा
सरडा रंग कसा बदलतो? आज पहिल्याच तासाला सातवीतल्या एका मुलीनं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. विज्ञानाची नवी मॅडम, आणि पहिल्याच प्रश्नाला "माहीत नाही" म्हणाले! वर्ग हसला, मीही हसले. शोधून सांगते, असा शब्द दिला.

छान दिवस गेला. घरमालकीण बायनाबाईंच्या माडीवर खोली मिळाली आहे. खिडकीतून नुकतीच सरकी लावलेली रानं दिसतात. खोलीत आणखी एक मॅडम आहेत, सत्यशीला. मराठी शिकवतात, इथल्याच तालुक्यातल्या, पाटलांच्या घरातल्या. माझी गादी त्यांनीच झटकून घातली. दोघी मानधनावर आहोत. दिवाळीनंतर एकीलाच कायम करतील, असं मुख्याध्यापक सुंदरराव सरांनी सांगितलं. पण मी काही त्यासाठी आलेले नाही. या मुलींनी खूप शिकावं, एवढंच मनात आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई फोनवर एकच वाक्य घोळवत होती, "मॅडम झालीस गं यशे!"

२६ जून
मुलांनी बाभळीवरचा घोयरा सरडा काठीवर बसवून आणला. तो ज्यावर बसेल त्याचा रंग घेतो, अशी सगळ्यांची खात्री. मुलींनी घरच्या पेट्यांतून ब्लाउजपीस आणले होते, ओटीत आलेले, वर्षानुवर्षं न शिवलेले. लाल, पिवळा, जांभळा. सरडा सगळ्यांवर हिरवाच राहिला. मुलं हिरमुसली.

मग एकीनं त्याच्यासमोर आरसा धरला. त्यानं गळा फुगवला, अंगावर पिवळे पट्टे उमटले. आरशातलाही हटेना, तसा हा हळूहळू काळपट झाला आणि तोंड फिरवून निघाला.

वाचून काढलं ते मुलांना सांगितलं. त्याच्या कातडीत अगदी बारीक स्फटिक असतात. ते जवळ-दूर सरकले की रंग बदलतो. तो लपण्यासाठी फारसा बदलत नाही, समोरच्याला दाखवण्यासाठी बदलतो. हरलेला काळा पडतो. संध्याकाळी त्याला बाभळीवर सोडून दिला.

सत्यशीलानं हे सगळं माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं.

९ जुलै
ही बाई सगळ्यांना कशी आवडते? बायनाबाईंबरोबर तिनं आषाढीचा उपास धरला, त्यांना घेऊन नारायणगडला जाऊन आली. सरांशी निवडणुकीवर बोलते. मुलींमध्ये बसली की मुलगीच होते. आणि माझ्याजवळ बसली की बाबासाहेबांचं वाचते, मनापासून. कुठेच खोटी वाटत नाही.

बायनाबाई तिला "सत्ये" म्हणतात. मी अजून "ओ मॅडम". माझं आडनाव विचारलं त्या दिवसापासून माझा चहा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेला असतो. तिचा खोलीत येतो.

असं लिहू नये. पण जळतं.

२२ जुलै
तिनं पांढरी साडी घेतली, निळ्या काठाची. माझ्यासारखीच.

मधल्या सुट्टीत ती सांगत होती, निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी पुडा छातीशी धरून अख्ख्या वस्तीत पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. ते माझे अण्णा आहेत. हे मी जूनमध्ये शाळेत, शिक्षकांच्या याच खोलीत सांगितलं होतं. तेव्हा सगळे वह्या तपासत होते. आज सरांचे डोळे भरून आले.

तिनं चोरलं याचा राग नाही. तिच्या तोंडी ते जास्त खरं वाटलं, याचा आहे.

४ ऑगस्ट
वर्गात गेले. कोणी उभं राहिलं नाही. खोडसाळपणा नव्हता, दिसलेच नाही त्यांना.

संध्याकाळी भिंतीला टेकून बसले होते. बायनाबाई आल्या, खोलीभर नजर फिरवली, "दोगी बी न्हाईत वाटतं" म्हणाल्या आणि बाहेरून कडी घातली. मी हाक मारली. आवाज निघाला असेल, नक्की सांगता येत नाही.

चुन्याची भिंत आणि माझा हात. कुठं काय संपतं ते —

६ ऑगस्ट
आईला फोन केला. म्हणाली, आत्ताच तर बोललीस की गं तासभर, आता काय राहिलं?

सत्यशीलाच्या हनुवटीवर गोंदण उमटलंय, लहानपणी आईनं गोंदवून घेतलेलं. माझं.
ती उजळत चालली आहे. मी —

११ ऑगस्ट
आता मीही. तिच्यासारखा अंबाडा. तिच्यासारखं मान वाकडी करून हसणं. तिची केशरी साडी. बायनाबाईंना "काकू" म्हणाले.

"घे सत्ये, च्या." खोलीत आणून दिला, हातात. बसल्या सुद्धा. सुनेच्या चहाड्या सांगितल्या. गोड होता चहा.

वर्ग उभा राहिला. हाताला रंग आला. शिकवलं काय, आठवत नाही. कविता बहुतेक.

पट्टे आता तिचे काळवंडतील. तिला कसं वाटतं ते कळू दे.

१७ ऑगस्ट
आई आली. न कळवता. एसटीनं, डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या —

दारात सत्यशीला उभी होती. पांढऱ्या साडीत. काळवंडली नव्हती. जय भीम म्हणाली, आमच्या बोलीत, माझ्या आवाजात. आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. वाळलीस गं, म्हणाली.

मी ओरडणारच होते.

तेवढ्यात आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी सत्यशीला मॅडम ना? लई नाव काढती आमची पोर तुमचं." हात जोडले. मला. किती आदरानं. माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं तिनं, कधीच, पदवीच्या दिवशीसुद्धा —

ओठांवर "आई" होतं.

मी हो म्हणाले. म्हणून टाकलं.

आता खाली ताटं मांडलीत. बायनाबाई मला हाक मारतायत, सत्ये म्हणून. जिन्यावरून दिसतंय, आई तिला आपल्या हातानं घास —