शेवळाची भाजी आणि दामूची चिमूट

८ जून १९९८, किन्हवली

आजच्या शेवळाच्या रानभाजीची खरी किंमत म्हणजे आमच्या हिची सबंध दुपार, आणि घसा खाजू नये म्हणून लागणारी काकडाची आंबट फळं शोधत रानात झालेली माझी पायपीट. सगळं धाकट्या भावासाठी, दामूसाठी. बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून त्याच्या मागे लागलोय: भाजी खा, धोका कमी होतो. मी पटवलं की दगडसुद्धा ऐकतो, असं हिला ऐटीत सांगितलंही होतं.

दामूने दोनदा भाजी मागून घेतली आणि हात धुऊन तंबाखू मळायला बसला!

"अरे, हे काय?"

"दादा, तूच बोललास ना? भाजी खाल्ली, आता भ्या नाय."

कपाळ माझं! भाजीने तंबाखू माफ होतो, असं मी कधी बोललो? पुन्हा बसवून समजावलं, बाबांच्या हालांची आठवण करून दिली. त्याने मान डोलावली आणि चिमूट ओठाखाली धरली.