खोलीत शेगडी लावू नये

आई,

गेल्या उन्हाळ्यात आपल्या हॉटेलात एका ऑम्लेटची खरी किंमत किती झाली, ते आधी सांगतो. दोन अंडी, कांदा, मिरची, एवढं खोलीत शेगडी पेटवणाऱ्या त्या पोरांचं. माझ्याकडनं गेलं ते असं: खिडकीचा जळालेला पडदा, अर्धी गादी, भिंतीवरचा नवा रंग, ऐन सुट्टीच्या हंगामात कुलूप घालून ठेवावी लागलेली खोली, शेजारच्या खोलीतनं टॉवेलवर पळत सुटलेलं एक नवं जोडपं, जे आता या बाजूला फिरकायचं नाही, आणि बाहेर लावलेल्या 'शुद्ध शाकाहारी' या पाटीची अब्रू. जिवावर बेतलं नाही, म्हणून एवढ्यावर भागलं. पोरं चांगल्या घरची होती, सहलीला आलेली. शेगडी कुठं ठेवलीत म्हणून विचारलं, तर गादीवर. टेबलावर मोबाईल चार्जिंगला होते.

दुसऱ्याच दिवशी प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला. खोलीत शेगडी लावू नये, स्वयंपाक करू नये. मराठीत, कन्नडात, इंग्रजीत. आपल्या सीमाभागात कुठली ओळ वर आणि कुठली खाली यावरनंसुद्धा माणसं भांडतात, पण या कागदावरनं कुणी भांडलं नाही.

तू असतीस तर भांडली असतीस. तो कागद चिकटवताना मला म्हैसूर आठवत होतं. मी चार पैसे मिळवायला लागल्यावर तुला पहिल्यांदा फिरायला नेलं ते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तुझा सगळा जन्म गेला. संध्याकाळी आल्यावर पिठाला हात लावायच्या आधी तू हात चिंचेनं घासायचीस, मातीनं घासायचीस, परत वास घेऊन बघायचीस, आणि तरी आमच्या भाकरीला मागनं एक कडवट चव असायचीच. पुढं कधीतरी बिनकडवट भाकरी खाल्ली, तेव्हा मला ती अळणी लागली. तर त्या म्हैसूरच्या लॉजवर मी तुला राजवाडा दाखवायला म्हणून नेलंय, आणि तू पिशवीतनं काय काढतीस, तर रॉकेलचा स्टो. पिठाची पुरचुंडी, तवा, चटणीचा डबा. मी लाजेनं अर्धा झालोय. न्हाणीघरात स्टोचा आवाज सुरू होतो आणि मॅनेजर दारात उभा. पांढरी लुंगी, कपाळाला गंध. "अम्मा, स्टोव बेडा, बेडा," नको, नको म्हणून हात जोडतोय. तू तव्यावरची भाकरी उलटलीस, आणि मग त्याच्याकडं वळून शुद्ध निपाणीच्या भाषेत सांगितलंस, "माझ्या पोराकडनं खोलीचं भाडं घेटलंस. पोटाचं न्हाय."

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. पण तो गेला. जाताना दार हळू ओढून घेऊन गेला. आज मी त्या मॅनेजरच्या जागेवर बसतो, आणि मला त्याचंही म्हणणं पटतं, तुझंही. एका माणसाला दोन्ही बाजू पटल्या की धंदा करणं फार अवघड होतं बघ.

हे सगळं आज लिहायला बसलो, ते एका म्हातारीमुळं. सांगतो.

मच्छे गावाकडनं खानापूरला जाणारा रस्ता तुझ्या वेळेला नुसता शेतातनं जायचा. तिथंच मी हॉटेल बांधलं, हे तू बघितलंयस. पायऱ्या चढून आत आली होतीस, पंख्याखाली बसली होतीस. मी काउंटरवर बसतो. माझे कान तुला माहीत आहेत. वखारीतनं येताना तुझ्या चपलेचा आवाज मला गल्लीच्या तोंडाला यायचा. अजून तसेच आहेत. कुठल्या मजल्यावर नळ वाहतोय, कुठल्या जोडप्याचं बोलणं बंद झालंय, हे मला जागेवर बसून कळतं. तर दिवस कलायला लागला होता, आणि घाटात बिघडलेली एक गाडी गॅरेजवाल्यानं ओढत आणून आमच्यापुढं सोडली. आतनं चाळिशीचा एक मुलगा उतरला आणि त्याची आई. मुलगा बेंगळूरला नोकरीला. आई चिकोडीकडच्या एका खेड्यातली, जैन शेतकऱ्याच्या घरची. पांढरं लुगडं, अंगानं काडी, पाठ ताठ. तिनं कधी समुद्र बघितला नव्हता, म्हणून पोरानं रजा काढून तिला गोव्याला नेलं होतं. परत जाताना गाडीनं दगा दिला. गाडी सकाळशिवाय मिळणार नव्हती.

"समुद्र बघाय गेलतो," म्हातारी आपणहून मला म्हणाली. "लई मोठा हाय. पर पाणी प्यायच्या उपेगाचं न्हाय."

मुलगा किल्ली घेता घेता हळूच म्हणाला, "सर, एक छोटी शेगडी आहे. आईचा नेम आहे, बाहेरचं खात नाही. बाथरूममध्ये दहा मिनिटांत होईल."

मी दाराच्या आतला कागद काय आहे ते सांगितलं. ऑम्लेटची गोष्ट सांगितली. आणि वर, आई, मी छाती काढून म्हणालो, "अहो, आपलं किचन असताना शेगडी कशाला? निपाणीपासनं खानापूरपर्यंत कुणालाही विचारा. या छपराखाली आलेल्या माणसाला दुसऱ्या जेवणाची आठवणसुद्धा होत नाही. कांदा-लसूण नको, बटाटा नको, सगळं वेगळं करून देतो." आतनं आचारी अण्णा बोललाच, "द्या मालक, द्या. कढई कालची कांद्याची हाय, तिला काय सांगू?"

मुलगा हसला आणि वर गेला. जिन्यात त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. कुणाला वाटेल मी ऐकत होतो. मी ऐकत नसतो, मला येतं.

"आई, आजच्या दिवस फळं खा की."

"असू दे रं."

"काल पण तिथं शेगडी लावू दिली नाही. नारळपाण्यावर राहिलीस. परवापासनं तुझ्या पोटात अन्न नाही."

"समुद्र दावलास की. पोट भरलं."

त्यात कुरकुर नव्हती. मला टोमणा ऐकायची सवय आहे, टोमणा मला भिंतीपलीकडनं कळतो. हा टोमणा नव्हता. बाईला खरंच समुद्र आवडला होता. आणि सूर्य बुडाल्यावर ती घास घेणार नव्हती. म्हणजे आत्ता काही झालं नाही, तर आजचीही रात्र तशीच. मी काउंटरवर बसून राहिलो. आत आचारी भांडी आपटत होता आणि मला दिसत होता तो पांढऱ्या लुंगीतला माणूस, दार हळू ओढून घेणारा.

वर गेलो. "आक्का, खोलीत न्हाय जमायचं. पर मागं इहीर हाय, तिच्याजवळ मोकळी जागा हाय. फरशी हाय. तितं चालंल?"

तिचा चेहरा असा उघडला, की मला वाटलं मी परत समुद्र दाखवतोय. "इहीर हाय? पाणी उपसतासा न्हवं रोज?"

ती विहीर शेताच्या वेळची. बागेला पाणी घालायला ठेवलीय. सूर्य अजून आता रस्त्याकडेला झालेल्या कारखान्यांच्या पत्र्यांच्या वर हातभर होता. मुलानं शेगडी आणली, तिनं जागा पुसली. मी पाणी ओढून दिलं. तिनं घागरीच्या तोंडावर दुहेरी जाड फडकं बांधून, ते मधनं दाबून खळगा केला आणि बारीक धारेनं पाणी गाळलं. आपल्याकडच्या जैन घरांत हे मी लहानपणापासनं बघितलंय. पण पुढचं मी कधी नीट बघितलं नव्हतं. आता स्वयंपाकाला लागेल असं वाटलं, तर ती नाही लागली. तिनं फडकं उलटं केलं, एका लहान पितळी भांड्यावर धरलं, आणि गाळलेलंच पाणी वरनं ओतून ते धुतलं. गाळताना फडक्यात जे काही अडकलं असेल, ते त्या भांड्यात आलं. भांड्यात वाकून बघितलं तर नितळ पाणी. बाकी काही नाही.

त्या भांड्याच्या तळाला एक कडी होती. दोरी अशी अडकवायची, की भांडं खाली पाण्याला टेकून दोरी सैल पडल्यावरच ते उलटावं. ती काठाशी गुडघे टेकून बसली आणि दोरी सोडायला लागली. इतकी हळू, इतकी हळू, की भांडं कुठं भिंतीलासुद्धा लागू नये. आमची विहीर खोल आहे. मी एकदा दोरीकडं बघत होतो, एकदा सूर्याकडं.

मला राहवेना. "आक्का, वरनंच वता की. दिस चाललाय."

"एवढ्या वरनं टाकलं तर पाण्यातलं जीव जगतील व्हय?"

"त्यात दिसत तर काय न्हाय."

"न्हाय दिसत," ती म्हणाली. हात तसाच सावकाश चाललेला. "मलाबी न्हाय दिसत. पर त्यांच्या घरातनं मीच काढलं न्हवं त्यास्नी? मग घरात नगो सोडाय?"

आई, मी पाणी कमी विकलंय का? टँकरनं घेतलंय, बोअर मारलीय, बाटलीत घालून काउंटरवर ठेवलंय. पाण्यात कुणी राहत असेल आणि आपण त्याच्या घरात हात घालतोय, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. दोन दिवसांची उपाशी बाई, सूर्य पत्र्याला टेकलेला, आणि ती न दिसणाऱ्या जिवांना पोचवायला निघालेली. घाई नाही. उपकार केल्याचा भाव नाही. दार लावून घ्यावं तसं सहज. खाली भांडं टेकलं. टप् असासुद्धा आवाज झाला नाही. माझ्या कानांना आला नाही म्हणजे झालाच नाही.

मग तिनं शेगडी पेटवली. मुगाची डाळ रटरटायला लागली. ज्वारीची भाकरी तिनं परातीतच थापली आणि तव्यावर टाकली, आणि आमचा आचारी अण्णा, जो कुणाच्या हाताला नाव ठेवल्याशिवाय राहत नाही, दारात हात पुसत गप्प उभा राहिला. भाकरी फुगली. तेवढ्यात पत्र्यांच्या मागं सूर्य गेला.

तिनं शेगडी बंद केली.

मुलगा कासावीस झाला. "आई, अगं अजून उजेड आहे की!"

"उजेड हाय. सूर्य न्हाय." आणि मला म्हणाली, "गाय हाय काय जवळ कुणाची? अन्न चांगलं झालंय, वाया नगो." आचाऱ्यानं भाकरी आणि डाळ उचलली आणि पलीकडच्या गोठ्यात स्वतः नेऊन घातली. येताना त्याचे डोळे ओले होते. मी विचारलं तर म्हणाला, "धूर गेला मालक." गॅसच्या शेगडीला धूर कुठला.

तिची क्षमा मागावी, तर ती माझ्यावर रागावलेली नव्हती. उलट फरशी पुसता पुसता मलाच समजावत होती, "घोर लावून घिऊ नगासा. जागा दिलासा. उद्याचा दिस हाय की."

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर मी पुन्हा विहिरीवर होतो. पाणी मीच ओढलं. तिनं गाळलं. ते पितळी भांडं सोडायला मी दोरी मागितली. तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि दिली. आई, तुझं पोर आयुष्यात कधी इतकं हळू वागलेलं नाही. मी भाड्याला, भाजीला, माणसाला, सगळ्यांना घाई लावून इथवर आलो. दोरी हातातनं जात होती आणि मला भीती वाटत होती. कशाची, ते सांगता येणार नाही. काहीच नसलेल्या पाण्याची. खाली टेकलं तेव्हा माझ्या कपाळावर घाम होता.

भाकरी झाली, डाळ झाली. ताट वाढून झालं. आता ती जेवेल म्हणून मी बाजूला झालो, तर ती उठून फाटकाशी गेली आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली. रस्त्यानं टिळकवाडीच्या शाळांच्या बसा चालल्या होत्या, कारखान्याची पाळी सुटली होती.

"कुणाची वाट बघताय आक्का?"

"कुणाची न्हाय. जेवायच्या आदी बघावं. कोन उपाशी आलं तर आदी त्याला."

माझ्या हॉटेलात मुक्कामाला आलेली बाई, परक्या विहिरीवर, तिसऱ्या दिवसाची उपाशी, पाहुण्याची वाट बघत होती. मी एवढी वर्षं पाहुण्यांचा धंदा करतो. मी कधी फाटकापर्यंत गेलो नाही. कुणी आलं नाही. तेव्हा ती वळली आणि मला बघून हसली, "तुमीच हायसा की. या." माझ्या हातावर चतकोर भाकरी आणि वर डाळ ठेवली. मी ती उभ्यानं खाल्ली. मग ती बसली, आणि उन्हात, सावकाश, एकेक घास चावून जेवली. मुलगा तिच्याकडं बघत बसला होता. समुद्राकडं त्यानं तसं बघितलं नसेल.

आता खोलीतला कागद तसाच आहे, आणि राहील. गादीवर शेगडी ठेवणारा माणूस आणि विहिरीत दोरी सोडणारा माणूस कपाळावर लिहून येत नाही. मला सगळ्यांची झोप सांभाळायची असते. पण कागदाखाली तिन्ही भाषांत आणखी एक ओळ घातलीय: स्वतः रांधून खायचं असेल तर विहिरीपाशी जागा आहे, काउंटरवर सांगावे. तिथं पत्रा घातला, ओटा बांधला, नळ नाही घेतला. लोक येतात. पथ्याचे येतात, नेमाचे येतात, नुसते हौसेचेही येतात. परवा धारवाडची एक बाई नवऱ्याला म्हणाली, "सुट्टीवर आणून पण चूलच?" आणि नवऱ्याला पीठ मळायला लावलं. आचारी अण्णा तोंडानं शिव्या घालतो आणि विळी नेऊन देतो.

हे पत्राचे कागद कुठं टाकायचे हा प्रश्नच नाही. तुला जाऊन फार वर्षं झाली, आणि असतीस तरी म्हणाली असतीस, "लिवतोस काय, तोंडानं सांग." म्हणून इथंच ठेवतो. फक्त मी त्या मुलाला आपल्या किचनबद्दल जे छाती काढून सांगितलं, त्यातलं एक तुला सांगायचं राहिलं. माझं जेवण दुपारी घरनं डब्यात येतं. हॉटेल सुरू झाल्यापासनं रोज येतं.