भांगाचं पाणी

१२ जानेवारी १९७५, रविवार

...आधी चूल सारवली होती. मग दोन हंडे पाणी आणलं. संक्रांतीचे उरलेले लाडू डब्यात भरले, मुंग्या लागतील म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. मग वालाच्या शेंगा निवडायला बसले. गेल्या वर्षी हे गेले, त्या मंगळवारचं भांडं न् भांडं आठवतं! यांचा चेहरा आठवायला बसलं की मात्र येत नाही. पाठ येते — काठी खांद्यावर टाकून खाडीकडे चाललेली.

आज अमावास्या. वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले. तोवर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. दीर बाळारामभाऊजी, त्यांची बायको गोदू, आणि मागच्या खोलीत मी. भाऊजी लूमवर जॉबर, यंत्रमाग दुरुस्त करणारे. भिंतीपलीकडेच लूम चालतात, दिवसभर खटाखट. कोन गावी आमच्या ओट्यावरून खाडी दिसायची. इथं भिवंडीत खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते.

वारा उत्तरेचा. धुणं कुठल्या बाजूला उडतं त्यावरून कळलं. उधाणाचे दिवस, म्हणजे खाडी गढूळ. मला कुणी विचारलेलं नाही. तरी लिहिते.

१४ जानेवारी

पुढच्या खोलीत हळदीकुंकू. गोदूनं माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं. जोरात नाही — हळूच. तेच जास्त लागलं.

१५ जानेवारी, किंक्रांत

तारखेनं आज वर्ष झालं. तिथीनं व्हायचंय.

नाव लिहिते — केसरीनाथ. तोंडानं कधी घेतलं नाही. वहीला चालेल.

थंडीत यांची मासे धरायची तऱ्हाच निराळी. बाकीचे जाळी टाकायचे. हे कोंबड्याचं पांढरं पीस गळाला बांधायचे, लूमवरच्या रेशमानं, आणि लांब काठीनं पाण्यावर फेकून झटके देत ओढायचे. लोक हसायचे — "केसरीनाथ माशाला कोंबडी चारतो!" पण जिताडा यायचा. म्हणायचे, थंडीत मासा तळाला बसतो, दुपारी ऊन मुरलं की वर येतो. पाणी निवळ पाहिजे, नाहीतर पीस दिसायचं कसं? म्हणून हे भांगाची वाट बघायचे. अष्टमीच्या आगेमागे खाडी सुस्त होते, भरती बेताची, ओहोटीही बेताची — त्याला भांग म्हणतात.

मी वज्रेश्वरीकडची, शेतातली. खाडीचं सगळं यांनीच सांगितलं. बारा वाजल्यापासून जितकी तिथी तितके पाऊण तास मोजायचे की भरतीची वेळ निघते. तिथून सहा तासांनी ओहोटी संपून पाणी फिरतं. रोज सकाळी विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज तिथी काय?" मला कुणी शाळेत घातलं नव्हतं. वाण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून जुळवून वाचायला शिकले. मग काय — ऐटीत कॅलेंडर वाचायची!

हेही लूमवर कामाला जायचे. त्या दिवशी लूम बंद होते, म्हणून हे दुपारी निघाले. माझे हात शेंगांत. उठले नाही. लांबूनच वाचलं आणि म्हटलं, "नवमी." अष्टमी होती. मी पुढच्या दिवसाचा चौकोन वाचला.

एका तिथीचा फरक म्हणजे पाऊण तास. यांना वाटलं असणार, पाणी फिरायला वेळ आहे. गेले खाडीतल्या मधल्या खडकावर. दिवस मावळताना माणसांनी उचलून आणलं. मला नीट बघवलंही नाही. सगळे म्हणाले, खाडीनं नेला.

खाडीनं नाही. मी.

हे कुणालाही सांगितलेलं नाही.

२१ जानेवारी, अष्टमी

सकाळी मागच्या दारी मैना आली, टोपली घेऊन. कोनची, यांच्या चुलत्याची सून. मी बाहेर जात नाही म्हणून खाडी कशी आहे ते मला सांगून जाते.

"थंडीनं खाडी मेली गो ठमा. पाणी काचेवानी, पन हात घातला का बधिर. बोईट मासा बी वर येत न्हाय."

दुपारी जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, श्राद्ध झालं की कोनचं घर लूमच्या शेठला देतोय. सुताच्या गाठी ठेवील. तुझी सही लागंल."

मी भात कालवत राहिले.

"का? तुला राहायचंय तिथं? दादाला गिळलं त्या खाडीच्या तोंडावर?"

रागानं नाही बोलले. खरंच काळजीनं बोलले. ज्या बाईनं एवढं केलं, तिनं कुठल्या तोंडानं त्या घरात राहायचं? "होय" म्हटलं. भात गिळला.

२६ जानेवारी

झेंडावंदनाची सुट्टी. लूम बंद. इतकं शांत की जीव घाबरला. उद्या सुरू होतील म्हणून बरं वाटतंय — मला! काय म्हणावं.

३१ जानेवारी

वारा पडला आहे. आज सगळं लिहायचंच.

मैना आली. कोळंबी मोजता मोजता म्हणाली, "सोमवारी श्राद्धाला येते गो. अष्टमी नं?" तो शब्द ऐकला आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. शेंगा, कॅलेंडर, चौकोन, पाऊण तास. मैनानं टोपली खाली ठेवली.

"येडी का खुळी तू? भांगात कोन बुडतंय? त्या खडकावर भांगाचं पानी पोटरीला लागत न्हाय! माझी सासू बसते तिथं, कालवं फोडत!"

"मग हे—"

"मी व्हते नं तवा. सदरा कोरडा व्हता त्याचा. डोक्यावर टोपी व्हती. खडकाला टेकून बसलेला, डोळा लागल्यावानी. छातीनं गेला तो. वरीसभर खोकत न्हवता?"

"सगळे म्हणाले, खाडीनं नेला..."

"म्हनायची रीत हाय ती. खाडीवर मेला का खाडीनं नेला. तू कोनाला इचारलंस?"

नाही विचारलं. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

मैना हसायला लागली. डोळे पुसत हसत होती. "आन तिथी! खाडीवर जल्मलेला मानूस तिथी बायकोला इचारल? चिखल बघून सांगायचा तो, पानी कदी फिरल ते. मला म्हनला व्हता एकदा — ठमाला वाचाया लावतो रोज. लय ऐटीत वाचते, ऐकाया बरं वाटतं."

आतून गोदूची हाक आली, "कोळंबी घेताय की विणताय?" मैना गेली. मी भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

म्हणजे हे तिथं एकटे टेकून बसले होते. छातीत दुखत असेल. हाक मारली असेल का? आता हे नवं दुःख. पण हे माझ्या हातून झालेलं नाही.

१ फेब्रुवारी

वर्षभर मी एका खोलीत बसले. दार लोटलेलं होतं, तेही मीच लोटलेलं.

नाही, तसंही नाही. गोदूनंही लोटलं होतं!

३ फेब्रुवारी, पौष वद्य अष्टमी

श्राद्ध झालं. ब्राह्मण जेवून गेले. भाऊजींनी कागद पुढे केला. मी म्हटलं, आधी वाचते. गोदू भिंतीकडे बघून म्हणाली, "जाऊबाई आता कोर्टात उभ्या राहणार!" मी सगळा वाचला. दोन शब्द अडले, ते पुन्हा वाचले. कागद घडी करून परत दिला.

"सही नाही करत, भाऊजी. मी कोनला राहते."

"एकटी? आणि खाशील काय?"

"मैनाबरोबर टोपली घेईन."

"आमच्या घरची बाई दारोदार मासळी विकणार? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"तुमची आई विकायची."

मग भाऊजी उठले. "शेठला शब्द दिलाय. उद्या सकाळी टेम्पो जाणार म्हणजे जाणार. सही मागनं बघू." मला ओरडले नाहीत. वर म्हणाले, "दमलीस, पड जरा."

तेच तर. इथं मला कुणी ओरडतही नाही. पड म्हणतात, आणि मी वर्षभर पडून आहे.

वारा फिरलाय, दक्षिणेचा आहे. पाणी निवळ असणार.

५ फेब्रुवारी, कोन

काल पहिल्या एसटीनं इथं आले. घर झाडलं. दहाच्या सुमाराला गाठी भरून टेम्पो आला. मी दारात बसले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. उठले नाही. टेम्पो परत गेला.