सदस्यता अधिकाऱ्याचा कोट

चि. भोपळ्या यास,
मावशीचा आधी एक धपाटा आणि मग आशीर्वाद.

तू मजेत असशीलच. तुझी आई सांगत होती की नवी नोकरी झकास आहे, दिवसभर थंड हवेत बसायचं आणि फोनवरून ग्राहकांचं समाधान करायचं. (माझा जन्म ग्राहकांचं समाधान करण्यात गेला, पण थंड हवा कुणी दिली नाही.) तिचे गुडघे कसे आहेत? तू बारीक झालास असंही ती म्हणाली, तरी मला तू भोपळ्याच. माझी तब्येत ठणठणीत आहे. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुझा दादा, म्हणजे माझे चिरंजीव, माझ्याबद्दल भलतंच सांगत सुटलेत. त्याची बाजू तुझ्या कानावर पडायच्या आत माझी ऐकून घे. फोन न करता कागद खरडतेय, कारण माझा फोन त्याने कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

झालं असं, की फोनवर एक जाहिरात आली. शिवणकाम करणाऱ्यांचं जागतिक मंडळ, आजीवन सदस्यत्व मोफत, हवे तितके कटिंगचे नमुने घरबसल्या. जाहिरातीत एक कोट होता. त्याची कॉलर इतकी सुरेख बसली होती की काय सांगू! (ती कॉलर चांगलीच होती, हे मी अजूनही म्हणेन. चोरांना कॉलर कळत नाही असं थोडंच आहे?) अर्ज उघडला. टोपणनाव मागितलं, मी 'सोनेरी कात्री' लिहिलं. मग ओळख पटवण्यापुरता म्हणून क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला. दुसरं कुणी तिथे थबकलं असतं. पण मी शिंपीण आहे. मापं घेताना एक रकाना रिकामा राहिला की कपडा वाया जातो, त्यामुळे रिकामा चौकोन दिसला की माझा हात आपोआप चालतो. कार्डाची मुदत लिहिली, मागचे तीन आकडे लिहिले. शेवटी 'अन्य माहिती, असल्यास' असा चौकोन होता, तिथेसुद्धा 'विशेष काही नाही' असं लिहिलं. दादा म्हणतो मी फसले. मी फसलेबिसले नाही, मी अर्ज नीट भरला. लबाडी अर्ज काढणाऱ्याने केली, त्याची लाज मी का वाटून घेऊ?

नमुना एकच आला, तोही स्वयंपाकाच्या एप्रनचा. (दोन नाड्या आणि एक चौकोन! हे मला शिकवणार!) आणि दर महिन्याला 'मोफत सदस्यत्वाची देखभाल' या नावाखाली कार्डावरून पैसे जायला लागले. नव्या ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला टाकलेलं सगळं त्यात गेलं. दादाला कळल्यावर त्याने मला बँकेत नेऊन कार्ड बंद करवलं, हे ठीक केलं. पण नंतर दुकानात, एक गिऱ्हाईक ट्रायलला उभं असताना, आई, आता तुझं डोकं चालत नाही, या महिनाअखेर दुकान बंद कर, असं म्हणाला. ते गिऱ्हाईक अर्ध्या बाहीत तसंच उभं राहिलं. मला फार लागलं रे. मी त्याला एवढंच सांगितलं, की हे शटर माझ्या हाताने वर जातं आणि खाली येईल तेही माझ्याच हाताने.

मग मी त्या मंडळाच्या मदत खिडकीत लिहायला सुरुवात केली. पलीकडे एक 'सदस्यता अधिकारी' होता. मी त्याला फक्त 'सोनेरी कात्री' म्हणून दिसत होते. तो म्हणे, सदस्यत्व रद्द करायचं तर रद्द करण्याची फी भरा. भोपळ्या, माझं डोकंच सटकलं! पण मी गोड लिहिलं. म्हटलं, तुम्ही किती सौजन्याने बोलता, आमच्या दुकानातर्फे एका गुणी अधिकाऱ्याला कोट मोफत द्यायचा आहे, फक्त ओळख पटवण्यापुरती मापं आणि पत्ता कळवा. तासाभरात सगळं हजर! छाती, खांदा, कंबर, बाही, आणि ऑफिसचा पत्ता मजल्यासकट. फुकट म्हटल्यावर त्याचंही डोकं माझ्याइतकंच चाललं. हे दादाने वाचलं आणि आई आता चोरांना कोट शिवून देते म्हणून फोन कपाटात गेला. कोट मी शिवलाच. कापड माझं, मशीन माझं, हातही माझेच.

दुकान चालू आहे आणि चालूच राहील. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. मी त्या अधिकाऱ्याला बाहीचं माप एकच विचारलं होतं. त्याने दोन कळवली, डावी वेगळी आणि उजवी वेगळी, डावी बोटभर लांब. जगात कुणी स्वतःहून दोन बाह्या सांगत नाही. सायकलवरून पडून ज्याचा उजवा हात मोडला आणि शाळेच्या पहिल्या शर्टापासून ज्याला मी दोन्ही हात वेगवेगळे मोजायला शिकवलं, असा एकच मुलगा मला माहीत आहे. कंबर मात्र खरंच कमी झालीय तुझी. जेवत जा.

ता. क. शेवटचा. महिना संपायच्या आत ये. पैसे घेऊन ये, ती नोकरी सोडून ये, आणि तुझ्या दादासमोर उभा राहून माझं डोकं चालतं की नाही ते तूच सांग. कोट दुकानात टांगून ठेवलाय, कॉलर जाहिरातीपेक्षा सरस झालीय. खिसे तेवढे शिवून बंद ठेवलेत. ते तुझ्यासमोर उसवीन.