निळ्या डासांचं कापड

कोस्किलाहती, ५ जून

ती. लेम्पीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. नवोदित विणकाम-कलाकारांसाठी इथल्या मंडळाकडे जागा एकच, आणि आम्ही चौघं. मिळेल त्याला वर्षभर माग, सूत आणि गिरणीतल्या जुन्या विणकरांची शिकवणी. बाकीच्यांनी घरी जाऊन बटाटे काढावेत.

निवड शनिवारी, सॉनाच्या वाफेत. आम्ही बाकावर अंथरायचं कापड द्यायचं आणि मंडळाने त्यावर उघड्या अंगाने बसून पारखायचं. मी निळीत रंगवलेल्या सुताचे डास विणलेत. बाकीच्यांची फुलंच फुलं आहेत. पण आपल्याकडे उन्हाळ्यात डासांखेरीज असतं काय, तूच सांग.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी सायमी

हैनामाकी, ८ जून

चि. सायमीस अनेक आशीर्वाद.

डास विणलेस ते बरं केलंस, निदान हे चावणार नाहीत. पण सूत रंगवल्यावर पाणी नितळ येईपर्यंत धुतलंस ना? तुझी घाई मला ठाऊक आहे. पत्र मिळताच कापड धुऊन टाक. गाय बरी आहे, काका कुरकुरतात.

तुझी मावशी

कोस्किलाहती, १५ जून

ती. मावशीस, शि. सा. न.

तुझं पत्र सोमवारी आलं. कापडावर शनिवारीच बसून झालं होतं.

आधी पुरुष बसले, मग बायका. बायकांच्या वेळी दगडांवर पाणी ओतायला मीच आत होते. मंडळातल्या दोघी उठल्या तर दोघींच्या बैठकीवर माझे निळे डास उमटलेले. पुरुषांचीही तीच गत झाल्याचं नंतर कळलं. सगळ्यांनी तळ्यात डुबक्या मारल्या, रंग काही हलला नाही. मग कापड कसं वाटलं ते न सांगताच कपडे चढवून घरी गेले.

गोंधळ पुढे झाला. अध्यक्ष आर्मास यांच्या बायकोने, केर्त्तूबाईंनी, घरी ते डास पाहिले आणि असली चादर आपल्याकडे नाही म्हणून नवऱ्याला बाहेर काढलं. मला कापड घेऊन साक्षीला जावं लागलं. बाईंनी ते नवऱ्याला लावून ताडून पाहिलं, डास जुळले, मग मला कॉफी मिळाली.

आता जागा मलाच देणार म्हणतात. कारण नाकारलं तर त्याचं कारण लिहून फलकावर लावावं लागतं, आणि ते लिहायला कोणी धजत नाही. मावशी, लाजेखातर दिलेली जागा मला नको. माझं काम त्यांना आवडलं का, एवढंच मला कळायला हवं होतं. मी परत येते.

सायमी

हैनामाकी, १८ जून

चि. सायमीस आशीर्वाद.

देव देतो आणि कर्म नेतं, ते हेच. तोंडाने चांगलं म्हणणारी माणसं हवी होती तर दुसऱ्या देशात जन्मायचंस. तुझ्या काकांनी मला मागणी घातली तेव्हा ते नुसतेच आमची लाकडं फोडून गेले होते. समजायला मला अख्खा हिवाळा लागला. तिकीट काढू नकोस.

मावशी

कोस्किलाहती, २७ जून

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

राहिले. फलकावर माझं नाव लागलं, पुढे नुसतं ‘सर्वानुमते’. त्याने काही समाधान झालं नाही.

काल विल्होआजोबा माझ्या मागापाशी आले. मंडळातले सगळ्यात जुने विणकर. माझ्याशी आजवर एक शब्द बोललेले नाहीत. बराच वेळ सूत चाचपत उभे राहिले. मग जमिनीकडे बघत म्हणाले की त्यांच्यावरचे डास फिके पडायला लागलेत. शनिवारी पलीकडच्या गिरणीतले जुने सोबती सॉनाला येणार आहेत, त्यांना दाखवायचे होते. त्याआधी पुन्हा एकदा कापडावर बसू देशील का, असं विचारत होते.

मी हो म्हटलं. ते गेल्यावर मागाखाली बसून खूप हसले, मग रडलेही. मावशी, त्यांना आवडलंय.

काकांना नमस्कार. माया अशीच राहू दे.
तुझी सायमी