तळ्याचं नाव घ्यायचं नाही

तुमूल, १५ ऑक्टोबर

चि. एर्चिमला ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बोटवाल्याने आणून दिलं. मोबाइलचा टॉवर अजून कललेलाच आहे. खालची गोठलेली जमीन वितळून चिखल झाली, त्याला तो तरी काय करणार! तेव्हा सध्या माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर सोस.

आधी शिव्या खा. पत्रात तू तळ्याचं सरळ नाव लिहिलंस! मी नेहमीसारखं आजीला मोठ्याने वाचून दाखवत होते. जीभ चावली, पण तोवर तिच्या कानावर गेलं होतं. म्हणाली की आईबाप नसलेल्या या पोराला मी वाढवलं, तळ्याने पाणी पाजलं, आणि हा शहाणा त्याला शेजाऱ्याच्या कुत्र्यासारखं नावाने हाक मारतो! लहानपणी तळ्याला आजी म्हणायचा, तसंच म्हण म्हणावं. तो शब्द तिने माझ्याकडून चुलीतल्या कोळशाने खोडून घेतला. तेव्हा यापुढे पत्रात आजीच लिही बाबा, मला घरात राहायचंय.

आता तिचीच खबर. अजून गोठली नाही. एरवी या दिवसांत लोक पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या कापायच्या करवती परजत बसतात, यंदा काठाला नुसती साय धरलीय. पूर्वेचा काठ ढासळतोय आणि पाणी गढूळ झालंय. उकळत्या पेजेसारखे तळातून बुडबुडे येतात. आपल्या म्हातारीने माझ्या हातून काठावर घावन-लोण्याचा नैवेद्यही ठेवून घेतला. तळघरातल्या जुन्या लाद्याही पाघळल्या. टाकीच्या पाण्याचा चहा आपल्या म्हातारीला चालत नाही. गंजका खिळा उकळल्यासारखा लागतो म्हणते, आणि खरंच लागतो.

शहरातले सामोसे कमी खा. मागच्या फोटोत तुझी मान दिसत नव्हती.

तुझी ताई,
कुन्नेय


याकूत्स्क, २ नोव्हेंबर

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. नेहमीइतक्याच तिखट होत्या, म्हणजे घरात सगळं ठीक आहे. कान पकडतो. यापुढे आजी म्हणजे आजी, दुसरा शब्द लिहिला तर हात झडो. म्हातारीला हे मोठ्याने वाचून दाखव.

इथे लेना नदी अजून पुरती गोठली नाही, त्यामुळे बर्फावरचा रस्ता नाही. लोक हवेच्या बोटीने, त्या हवेच्या गादीवर घसरत जाणाऱ्या, पार जातात. घरांना ऊब पुरवणाऱ्या बॉयलरवर आमची रोजची धावपळ. पाइपांखालची जमीन खचते, पाइप वाकतात, मी जोडतो, ते पुन्हा वाकतात. मुकादम म्हणतो की मी पाइप जोडत नाही, त्यांची समजूत घालतो.

आजीचं पुढे काय झालं ते कळव. इथल्या एका जाणत्याला विचारलं. तो म्हणाला की तळाखालचा बर्फ एकदा सुटला की अशी तळी एका हिवाळ्यातसुद्धा रिकामी होतात. ऐकून जेवण गेलं नाही. (सामोसे गेले.)

लोभ आहेच, तुझ्या शिव्यांमुळे तो वाढतोच.

तुझा,
एर्चिम


तुमूल, १४ नोव्हेंबर

चि. एर्चिमला अ. आ. वि. वि.

आज थट्टा नाही. आजीचं काही खरं नाही. रोज थोडी थोडी आटत चाललीय. ताजे घावन आणि लोणी ठेवलं, ते सकाळी जसंच्या तसं होतं. जवळ बसलं की घरघर ऐकू येते. जाणते येऊन बघून गेले, मान हलवून गेले. गावातल्या म्हाताऱ्या एकेक करून निरोप घेऊन जातात आणि माझ्या दारात येऊन रडतात.

याहून सरळ मी लिहिणार नाही. लिहिलं की खरं होतं, तुला ठाऊक आहे, आणि ती सगळं ऐकते. तू समजून घे. रस्ता होण्याची वाट बघू नकोस. हवेच्या बोटीने ये, मुकादमाच्या पाया पड, पण ये. मागाहून हळहळून उपयोग नाही.

वाट बघतेय रे.

कुन्नेय


याकूत्स्क, २७ नोव्हेंबर

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

आजीची खबर वाचली. वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. रागावणार नसशील तर खरं बोलतो. आजीचा काळ संपला, ताई. घरघर लागल्यावर कोण माघारी आलंय? तिच्यापायी तू गावात अडकलीस. आलेली स्थळं परत पाठवलीस, शहरातली नोकरी सोडलीस. घावन-लोणी ठेवून ती आता जगायची नाही. मी येऊन काय करू? मरताना बघण्यापेक्षा होती तशीच डोळ्यांपुढे राहिलेली बरी. जाऊ दे तिला. ती गेली की तूही सुटशील.

गावकऱ्यांना म्हणावं, बर्फ माणसाला पेलू लागला की शेवटचं जाळं टाका. तळाशी सडण्यापेक्षा मासे कुणाच्या पोटात गेलेले बरे.

आपल्या म्हातारीसाठी हरणाच्या कातड्याचे बूट शिवायला टाकलेत. रस्ता झाला की गाडी घेऊन येतो आणि तुम्हां दोघींना उचलून इकडे आणतो. तिने वाटभर शिव्या दिल्या तरी चालतील, इथे त्यांच्यावाचून करमत नाही. तिला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, नातवाला नाव न घेता लिहिता येतं.

तुझा,
एर्चिम


तुमूल, २० डिसेंबर

एर्चिम,

आजी गेली. आपली, घरातली.

मागच्या पत्रात मी तिचंच लिहिलं होतं. जिवंत माणसाचं मरण मी कशी लिहिणार होते?

तुझं पत्र आलं तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. तुझं म्हटल्यावर तिने डोक्याला चांगला रुमाल बांधून घेतला. मी वाचायला लागले. आजीचा काळ संपला, इथे अडखळले, तर पुढे वाच म्हणून तिने हात हलवला. तू सुटशील, इथपर्यंत वाचलं आणि पुढे माझ्याच्याने होईना. पत्राचा बोळा करून सरपणामागे फेकला. तुला तोंडाला येईल ते बोलले. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की पोरगा खरं बोलतो, माझ्यापायी तू अडकलीस. त्यानंतर तिने ओठ मिटले ते मिटलेच. चमचाभर पाणी घेतलं नाही. हात जोडले, रडले, घेतलं नाही. आठवडाही काढला नाही.

पूर्वी या दिवसांत खड्डा खणायचा तर दिवसभर शेकोटी पेटवून जमीन सैल करावी लागायची. यंदा कुदळीची गरज वरच्या वीतभरालाच लागली, खाली नुसता चिखल. पाणी उपसलं तरी भरत होतं. त्यातच ठेवली तिला.

काल सरपण काढताना तो बोळा हाती आला. जाळायला म्हणून उचलला आणि उलगडला. पुढचं वाचलं. जाळं, मासे, बूट, नमस्कार. अरे देवा, एर्चिम, तू तळ्याचं लिहीत होतास रे! नाव घेऊ नकोस म्हणून तिनेच सांगितलं, मीच लिहिलं, आणि आयुष्यात एकदा तू ऐकलंस. मी आणखी चार ओळी वाचल्या असत्या तर ती हसली असती. तुला शिव्या घातल्या असत्या. हे आता मी तिला कुठे जाऊन सांगू?

तळ्याचं विचारशील तर ते अर्धं उरलंय. वर बर्फ आहे, पण खालचं पाणी उतरून गेल्यामुळे मध्ये पोकळी पडलीय. पाऊल टाकलं की ढोलासारखं वाजतं, म्हणून जाळं टाकायला कोणी गेलं नाही. मी त्याला आता तळंच म्हणते. दुसरं काही तोंडातून निघत नाही.

हे सगळं तुला कळवावं की नाही, रात्रंदिवस विचार केला. मग वाटलं, एकटीने नाही पेलवायचं. तूही धर थोडं.

रस्ता झाला की मला न्यायला ये. माझा तुझ्यावर राग आहे, तुझी काही चूक नसताना आहे, तो जाईल तेव्हा जाईल. तोवर माया तुटू देऊ नकोस, मला दुसरं कोणी नाही.

तुझी ताई,
कुन्नेय